बातमी कळायच्या आधीची गोळी

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत एक रीत अजून कसोशीनं पाळतात. दिवस राहिले की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. कुणी म्हणतं नजर लागते, कुणी म्हणतं सुरुवातीला काही बिनसलं तर चार ठिकाणी उत्तरं देत बसावं लागतं. दुसरं कारण मला पटतं, त्यामुळे रीतीशी माझं भांडण नाही. पण रामबागेजवळच्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून वीसेक वर्षं काउंटरमागे उभी आहे, आणि एक गोष्ट कायम खटकते. फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीला जे काम करायचं असतं ते याच न सांगायच्या दिवसांत, त्यातलंही सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या सहा आठवड्यांत, उरकून जातं. बातमी फुटते, देवासहून मावशीचा नि धारहून आत्याचा फोन येतो, ‘पालक खा, डाळिंब खा’ सुरू होतं, तोवर या गोळीची खरी वेळ टळलेली असते.

म्हणून हे लिहिते आहे नुकतं लग्न झालेल्यांसाठी, मूल हवं असं ठरवलेल्यांसाठी आणि ‘बघू, झालं तर झालं’ म्हणणाऱ्यांसाठी. त्या शेवटच्यांसाठी जरा जास्तच.

आधी कॅलेंडर काढा

समजा पाळी १ जानेवारीला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे. दिवस राहिले तर ते साधारण १५ तारखेच्या आसपास, म्हणजे ऐन संक्रांतीत. पुढची पाळी २९ जानेवारीला यायला हवी, ती येत नाही. तुम्ही आठवडाभर वाट बघता, कारण प्रवास झालाय, थंडी आहे, हळदीकुंकवाची धावपळ आहे, पाळी मागेपुढे होतेच. ५-६ फेब्रुवारीला घरी टेस्ट करता. डॉक्टरांची वेळ मिळते १२ तारखेची.

गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. १५ जानेवारीत २८ मिळवा. येते तीच १२ फेब्रुवारी. तुम्ही दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या असता, आणि ज्यासाठी डॉक्टर गोळी लिहून देणार ते काम आत संपत आलेलं असतं.

हे काम काय, तेही समजून घ्या, म्हणजे गोळी विसरली जाणार नाही. मज्जानलिका सुरुवातीला नळी नसतेच, सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, जुळतात, आणि ती जोड मधून सुरू होऊन वर नि खाली सरकत जाते. करंजीची पारी दुमडून आपण कडा दाबत नेतो, तसं. खालच्या टोकाला कडा जुळल्या नाहीत तर मणक्यात फट राहते. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. बाळाच्या पायांतली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा, यांवर जन्मभराचा परिणाम होऊ शकतो. वरच्या टोकाला जुळल्या नाहीत तर मेंदू आणि कवटी घडतच नाहीत, आणि असं बाळ जगत नाही. या दिवसांत पेशी झपाट्यानं वाढत असतात, प्रत्येक नव्या पेशीला डीएनए नव्यानं बनवावा लागतो, आणि ते बनवायला फोलेट लागतं. फोलेट म्हणजे ब-९ जीवनसत्त्व. अन्नातलं ते फोलेट, गोळीतलं ते फोलिक ॲसिड.

पहिली पायरी: सुरुवात

संततिनियमन थांबवायचं ठरलं, की त्याच दिवशी गोळी सुरू. कमीत कमी एक महिना आधी, जमलं तर तीन महिने. शरीरातला साठा एका दिवसात भरत नाही, त्याला काही आठवडे लागतात. लग्न ठरलेल्या मुलींना मी सरळ सांगते की साखरपुड्यानंतर एकदा डॉक्टरांना भेटून या. त्या लाजतात. आई जास्त लाजते. शालू, दागिने, कार्यालय यांच्या याद्या चार-चार पानी होतात, त्यात ही एक ओळ मावायला हरकत नसावी.

‘बघू’ म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं: तुम्ही ठरवत नसलात तरी मज्जानलिका तिच्या वेळेलाच बंद होणार आहे. काही पाळत नसाल तर गोळी चालू असलेली बरी.

दुसरी पायरी: मात्रा, आणि इथेच घोटाळा होतो

संध्याकाळी सातच्या गर्दीत एक तरुण आला. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला फोटो, त्यावर ‘फोलिक ॲसिड ४००’. मी दोन पट्ट्या पुढे ठेवल्या, एकीवर ४०० मायक्रोग्रॅम, दुसरीवर ५ मिलिग्रॅम. त्यानं बघितलं आणि म्हणाला, “दीदी, चार सौ बहुत हेवी हो जाएगी, अभी पाँच वाली दे दो.”

हसू नका, सुशिक्षित माणसंही असंच करतात. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. त्यामुळे ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, त्या ‘हेवी’ गोळीच्या साडेबारा पट. पट्टीवरचा आकडा वाचताना त्याच्या मागचं अक्षर आधी वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू केल्यापासून गरोदरपणाचे १२ आठवडे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. आपल्या सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही गर्भधारणेआधी आणि पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅमच सांगितलं आहे. बाजारात मात्र सर्रास मिळते ती छोटी पिवळी ५ मिलिग्रॅमची. ‘वो प्रेग्नेंसी वाली पीली गोली’ म्हटलं की दुकानदाराचा हात आपोआप तिच्याकडे जातो. इथले बरेच डॉक्टरही तीच लिहितात. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून लिहिली असेल तर निमूट घ्या, माझं वाचून बंद करू नका. पण चिठ्ठीशिवाय, स्वतःच्या मनानं घेत असाल तर ४०० मायक्रोग्रॅमचीच मागा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आणि ५ ची गोळी सुरीनं कापून बारा तुकडे करायचा उद्योग नको, एका मॅडमनी खरोखर विचारला होता.

एवढ्यासाठी दवा बाजारात जायची गरज नाही. तो घाऊक बाजार, तिथल्या गर्दीत पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. गल्लीतल्या मेडिकलमध्ये ४०० ची नसेल तर दुकानदाराला सांगून ठेवा, एक-दोन दिवसांत मागवून देतो. जनऔषधी केंद्रावर स्वस्त मिळतं, पण तिथेही मात्रा वाचूनच घ्या. आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही विचारा.

आणखी एक घोटाळा. शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी देतात. तीत लोह आणि फोलिक ॲसिड असतं. “नणंदेच्या शाळेतून येतेच, मी तीच घेते,” असं एकीनं सांगितलं. आठवड्याची गोळी रोजच्या गोळीचं काम करत नाही, शिवाय नणंदेची गोळी नणंदेलाच लागते.

महागड्या गोळ्यांविषयी. ‘मिथाइलफोलेट’ (फोलेटचंच एक वेगळं रूप) असलेली, चकचकीत डब्यातली गोळी साध्या गोळीपेक्षा कितीतरी महाग असते आणि ‘शरीराला लगेच लागू होते’ म्हणून गळ्यात मारली जाते. मज्जानलिकेचे दोष टळतात हे ज्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, त्यांत साधं फोलिक ॲसिडच वापरलं होतं. मी विकते दोन्ही, पण घरच्या सुनेला साधीच दिली.

तिसरी पायरी: मोठी मात्रा कुणाला

५ मिलिग्रॅमची गोळी काही शत्रू नाही. काही जणींना तीच लागते, आणि त्यांनी ४०० वर समाधान मानणं चुकीचं. आधीच्या गरोदरपणात बाळाला असा दोष आढळला असेल, नवरा-बायकोपैकी कुणाला स्वतःला किंवा घराण्यात कुणाला असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी छापून आली. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं, अशा बायकांनी रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासानं दाखवलं की ज्यांच्या घरात आधी काहीच नव्हतं त्यांनाही फायदा होतो.

मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील, वजन बरंच जास्त असेल, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील, तरी डॉक्टर मोठी मात्रा देऊ शकतात. झाबुआ-अलीराजपूरकडून नोकरीसाठी इंदूरला आलेल्यांना सिकल सेलची तपासणी माहीत असते, शहरातल्या लोकांना ती ‘आपली नाही’ असं वाटतं. लग्नाआधी रक्ताची ही तपासणी दोघांनीही करावी.

फिट्सच्या औषधांबद्दल थांबून सांगते. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपीन या औषधांनी मज्जानलिकेच्या दोषांचा धोका वाढतो. हे नेटवर वाचून कुणी ती परस्पर बंद करू नये. अचानक बंद केल्यानं फिट आली तर आईच्याच जिवावर बेतेल. मूल हवं असं ठरण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांना विचारलं तर औषध बदलायला वेळ मिळतो. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते फोलेटच्या नेमकं उलट काम करतं. त्या औषधावर असताना दिवस राहूच नयेत.

घराण्याचं विचारताना नवऱ्याच्या बाजूचंही विचारा. सासरी “आमच्यात असलं काही नाही” हे उत्तर फार पटकन येतं. सासूबाईंना निवांत वेळी, कुणी ऐकत नसताना, “आई, घरात कुणाचं बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलं होतं का, कुणाचं जन्मतःच गेलं होतं का?” असं विचारलं तर कधीकधी पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट बाहेर येते.

चौथी पायरी: बी-१२ बघून घ्या

ही पायरी बहुतेक लेखांत नसते, आणि आपल्या शाकाहारी घरांत तीच हवी. बी-१२ पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. चहापुरतंच दूध पोटात जाणाऱ्या शाकाहारी मुलीत ते कमी असण्याची शक्यता बरीच. फोलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेतलं तर बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा ॲनिमिया रिपोर्टमध्ये झाकला जातो, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन तपासायला जाल तेव्हा बी-१२ पण लिहून द्या म्हणावं.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

“मग पालकच खाल्ला तर?” हा प्रश्न रोज येतो, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. फोलेट हे नावच ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं, १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं तेव्हा. पण त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा ॲनिमिया का होतो हे तिला शोधायचं होतं. जंतुसंसर्ग नव्हता, आहारच अपुरा होता. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त चटणीसारख्या पदार्थानं त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या यीस्टमधला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट, हे नंतर कळलं. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता हिशेब. अर्धी वाटी शिजवलेल्या पालकात साधारण १३० मायक्रोग्रॅम फोलेट असतं, अर्धी वाटी शिजवलेल्या चवळीत साधारण १०५. अन्नातलं फोलेट गोळीतल्याइतकं अंगी लागत नाही, जवळपास अर्धंच धरा. गरोदर बाईला दिवसाला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं असं आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशी सांगतात. रोज न चुकता तेवढी पालेभाजी खाणारी सून मी अजून पाहिलेली नाही, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत ओकाऱ्या. म्हणून गोळी हवीच. जेवण तिच्या जोडीला.

आणि जेवणात आपली जुनी पद्धत जास्त शहाणी आहे. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं कमी होतं. पालक-पनीरसाठी आपण पालक उकळतो आणि हिरवं पाणी मोरीत ओततो, त्याबरोबर फोलेटही जातं. पातळ भाजीत तसं होत नाही. पालक आधी धुवायचा, मग चिरायचा. चिरून धुतला तर पाण्याबरोबर गेलाच. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून वेगळे शिजवून घ्यायचे, त्यांचं पाणी टाकायचं नाही. त्याच पाण्यात पालक झाकण ठेवून जेमतेम शिजवायचा, ताकात कालवलेलं बेसन लावायचं, वरून लसणीची चरचरीत फोडणी. पालक, डाळ, दाणे, तिन्हीत फोलेट आणि तिन्हीचं पाणी ताटातच. आजीनं हे जीवनसत्त्वासाठी केलं नव्हतं, तिला फक्त काही वाया घालवायचं नव्हतं.

बाकी चवळी, राजमा, मोड आलेले मूग-मटकी, बीट, भेंडी. हिवाळ्यात ठेल्यावर येणारा बथुआ, म्हणजे आपला चाकवत. सोलाणे. आगर-माळव्याची संत्री. सकाळचे पोहे-जलेबी सोडा असं इंदूरकराला सांगण्यात अर्थ नाही. पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग टाकले तर वरून भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याखाली कळतही नाहीत. मांसाहारी घरांत कलेजीत फोलेट भरपूर असतं, पण तीत अ जीवनसत्त्वही फार असतं, त्यामुळे दिवस राहायची शक्यता असताना आणि गरोदरपणात ती टाळा.

दुकानात मिळणाऱ्या काही पिठांच्या पिशव्यांवर निळा ‘प्लस एफ’ असतो, म्हणजे त्यात लोह, फोलिक ॲसिड, बी-१२ घातलेलं असतं. आपल्याकडे मात्र वर्षाचा शरबती गहू भरून चक्कीवर दळून आणायचा शिरस्ता. पोळी छान होते, पण तो ‘प्लस एफ’ घरात येत नाही. दळण बंद करा असं मी म्हणणार नाही, फक्त ‘पिठात असेलच’ अशा समजात राहू नका.

सहावी पायरी: रोज

जेवणाआधी किंवा नंतर, सकाळी किंवा रात्री, फोलिक ॲसिड कधीही चालतं. सकाळी मळमळत असेल तर रात्री घ्या. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, पुढे चालू ठेवा. मोबाइलचा गजर आपण सगळेच बंद करून टाकतो. दिवेलागणीला समई लावता त्या काडेपेटीजवळ पट्टी ठेवलेली बरी. चहाच्या डब्याजवळही चालेल, पण गॅसच्या शेजारी नको.

गोळी आणायचं काम नवऱ्याकडे द्या. त्यालाही कळेल की हे दोघांचं आहे. जाता जाता त्याचा गुटखा-सिगरेट आणि दोघांचीही दारू, हेही त्याच यादीत बंद.

उशीर झाला असेल तर

हे वाचताना टेस्ट आधीच पॉझिटिव्ह आली असेल आणि एकही गोळी घेतलेली नसेल, तर आज सुरू करा आणि रडू नका. गोळी न घेतलेल्या बहुतेक आयांची बाळंही व्यवस्थित जन्मतात, धोका मुळातच थोडा असतो. गोळी तो आणखी कमी करते. उलट, सगळं वेळेवर घेऊनही क्वचित दोष आढळतो, कारण प्रत्येक दोष फोलेटअभावी होत नाही. अशा आईला “तू काही खाल्लं नसशील” म्हणणारी माणसं काउंटरवर भेटली की माझा रक्तदाब वाढतो. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी मात्र चुकवू नका, मणका आणि मेंदू तीत नीट बघतात.

सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ती दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत त्या तारखेची वाट बघू नका, त्याआधीच नाव नोंदवा.

बारा आठवडे झाल्यावर

आता लाल गोळी. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. लाल सुरू झाल्यावर आधीची फोलिक ॲसिडची गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, कारण दोन्ही पट्ट्या घरात असल्या की दोन्ही पोटात जातात. लाल गोळी चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाचा रंग काळपट होतो, ते लोहामुळे. त्यासाठी रात्री अकराला मेडिकलचं शटर वाजवायची गरज नाही.